बिनसाखरेची कांडी

...अन् वरून घरचे मलेच म्हनते, "साधा बरफ जमवता आला नाई याले!" आता तुमीच सांगा, बरफ जमवाले काय अक्कल लागते? पानी ठेवा, दार लावा, जमते! पन आमच्या घरात फ्रीजचं दार लावलेलं राहीन तवा ना! थांबा, पयलेपासून सांगतो, नाई तं तुमीबी त्यायच्याच बाजूनं व्हान.

तं मी नितेश. अमरावतीले इंजिनियरिंग करत होतो, तिसऱ्या वर्षी सोडून अकोल्याले घरी आलो. काहून सोडलं? जे सर शिकवत होते त्यायलेच ते समजत नव्हतं, अन् हे मी भर वर्गात उभं राहून सांगतलं. झालं! तवापासून सारं खानदान मले एकच गोष्ट इचारते, "पुढं काय करशीन?" अन् मी जे करतो ते कोनी पाहत नाई.

मी काय करतो? दह्याची कांडी! घट्ट चक्का घ्यायचा, त्यात खरबूज, केळं, पिकला आंबा फेटायचा, साच्यात भरायचं, काडी खोचायची, फ्रीजरमंदी ठेवायचं. साखर नाई! रंग नाई! अकोल्याच्या मे महिन्यात, जिथं कूलरबी तोंडावर वाफ मारते, तिथं ही कांडी म्हनजे... जाऊ द्या, मी तारीफ केली तं म्हनतीन, पाहा, याच्यासाठी कॉलेज सोडलं.

पन आमच्या गल्लीतल्या निधी मॅडम, डॉक्टर हायेत, त्यायनं एक खाल्ली अन् म्हने, "नितेश, रविवारी ज्येष्ठ नागरिकांचं शुगर तपासणीचं शिबिर आहे, तिथे सगळ्यांना दे. आवडली तर माझ्या पेशंटांना तुझीच कांडी सांगेन." मी तं हवेत! घरी सांगतलं. बाबा, म्हनजे खुशालराव गुरुजी, रिटायर झाले पन आवाज अजून शाळेतलाच, ते म्हने, "रविवारी जमलं तं फ्रीज तुहा. नाई जमलं तं सोमवारच्या बसनं मुकाट्यानं अमरावतीले वापस." म्हटलं, मंजूर!

शनिवारी दुपारी मिश्रन फेटलं, चाखलं, एकदम बराबर. पातेलं फ्रीजमंदी ठेवलं अन् काड्या आनाले बाजारात गेलो. वापस आलो, साचे भरले, फ्रीजरमंदी लावले. परत चाखलं का? नाई चाखलं! आपल्याच घरात पातेल्यावर पहारा ठेवा लागते हे मले काय माईत!

रविवारी सकाळी कांडी ओढली तं हातात काडी आली. नुसती काडी! बाकी सारं साच्यात लदलद. बाबा मागं उभेच, "इंजिनियरिंग जमलं नाई, आता बरफबी जमला नाई!" मी बोट घालून चाखलं... तुमाले सांगतो, दाढा झिनझिनल्या! पाक होता पाक! एवढी साखर कोनत्या फ्रीजरात गोठीन?

म्हटलं, "आई, कोनी हात लावला?"

आई, आशाबाई, एकदम शांत. "अरे, तुह्यं पयलं शुभकाम, अन् लोकायले निरं दही देशीन? घराबाहेर पाय टाकनाऱ्याले आपन दही-साखर देतो का निरं दही? अपशकुन होते. चमचाभर टाकली. एवढ्यानं काय होते!"

चमचाभर! तिचा चमचा म्हनजे वरनाचा पळा!

बाबा खाकरले. "मी चाखलं तवा मलेबी फिकं लागलं. ज्येष्ठ नागरिक संघात माहं नाव हाय, चार लोकं थू करतीन. दोन मुठी टाकली. एवढ्यानं काय होते!"

राहिले आबा. नत्थुजी आबा, बाबाचे वडील, शुगरची गोयी माह्या जन्माच्या आंधीपासून चालू. खाटेवर बसून छताकडं पाहून राहिले.

"आबा, तुमीबी साखर टाकली?"

"छ्या! साखर मले मना हाय."

"देवाशपथ?"

"देवाशपथ. गूळ टाकला."

"किती?"

"होता तेवढा. जुना होता, एवढ्यानं काय होते!"

पाहा म्हनजे! एका घरात राहते, एका टीव्हीसमोर बसते, अन् एकमेकाले इचारत नाई. मले मातर तिघंबी इचारते... पुढं काय करशीन!

बाबा म्हने, "ग्लासात ओत, थंडं तं हाय. अन् तोंड बंद ठेव."

शिबिराच्या हॉलमंदी म्हातारे सकाळपासून येऊन बसलेले. ग्लास फिरले. संघाचे अध्यक्ष बुधाजी काका, त्यायनं पयला घोट घेतला, डोये मिटले, अन् म्हने, "वाऽऽ! बिनसाखरेचं असं राहते? मंग आमी इतके वर्स कडू कारलं काहून पेलो!"

माह्यानं राहवलं नाई. खुर्चीवर उभा राहून वरडलो, "पिऊ नका! याच्यात साखर हाय! गूळबी हाय!"

  अन् मंग बुधाजी काका म्हने, "पोट्टं घाबरलं. फळाचा गोडवा हाय तो."

"हो हो, फळाचाच!" "आंबा हाय ना त्यात!" अन् जे घोट घोट पेत होते, त्यायनं गटागटा ग्लास रिकामे केले! कोनी हिसकून घेईन म्हनून! मॅडमनं बाबाकडं पाह्यलं. बाबा हात जोडून म्हने, "परीक्षेच्या वक्तालेबी हा असाच बिचकते, मॅडम."

मॅडम मले म्हने, "एवढी वडीलधारी माणसं खोटं बोलतील का?"



मंग तासाभरानं लागल्या बोटाले सुया. मशीन पाहून मॅडमचा चेहरा उतरला. बुधाजी काकाची शुगर वर, त्यायच्या बाजूच्याची वर, आबाची तं सगळ्याइच्या वर! अन् आबा काय म्हनाव? उठून उभे राहिले, काठी टेकून, भाषनच!

"पाहा बाई! बिनसाखरेचं पेलो तरी वाढली! मंग गोड सोडून फायदा काय? उद्यापासून मी जिलबी चालू करतो."

हॉलमंदी टाळ्या! खऱ्या टाळ्या! माह्या आबाले आयुष्यात पयल्यांदा!

अन् मॅडम मले बाजूले घेऊन, लय गोड आवाजात, "नितेश, तुझ्या फळांतच काहीतरी गडबड आहे. माझ्या पेशंटांना मी हे नाही सांगू शकत." फळायची गडबड! ज्या बिचाऱ्या खरबुजानं कोनाचं काई बिघडवलं नाई, त्याच्यावर आळ! बाबा तिथंच म्हने, "सकाळची बस हाय."

तं आता मी बॅग भरून राहिलो. बाबा दारात उभे, आबा खाटेवर, अन् आई डब्बा भरून राहिली. लाडू. मी नुसतं पाह्यलं तिच्याकडं, तं म्हने, "खाय निवांत, बिनसाखरेचे हायेत."