नगराध्यक्षांची लाल फीत

हसू नका, पण धुळ्याजवळच्या आमच्या गावात बायकांचा संडास बांधून तयार होता आणि त्याला कुलूप होतं. का, तर नगराध्यक्षांना उद्घाटनाला सवड नव्हती. तोवर आम्ही बायांनी अंधार पडायची वाट बघत नाल्याकडे जायचं. एकदाचा मुहूर्त लागला. कुलूप निघालं, दाराला केळीचे खांब आणि लाल फीत लागली, पण साहेबांचं भाषण काही आटपेना. माझी दिवस भरलेली सून लघवी दाबून कळवळायला लागली. मी चंचीतला अडकित्ता काढला, फीत कापली आणि तिला आत पाठवलं.

साहेबांचं भाषण बंद. म्हणतात कसे, "अक्का, उद्घाटन तर माझ्या हातून व्हायचं होतं."

म्हटलं, "भाऊ, बायकास्ना संडासमा तुमनं काय काम शे?"