गुरुपौर्णिमेचा व्हिडिओ

(वसई पूर्वेला, एव्हरशाईन सिटीतला फ्लॅट. रविवार सकाळ. मीरा शाळेत गणित शिकवते, सदानंद तिचा रिटायर झालेला नवरा. ज्ञानदा ही मीराची जुनी विद्यार्थिनी; चंदनसारहून पेढे घेऊन आली आहे.)

ज्ञानदा : ...म्हणून म्हटलं, आधी मॅडमना पेढे, मग क्लासची फी. उद्या सातिवलीला जाऊन राजीनामा टेकवला की मी मोकळी!

मीरा : राजीनामा? कसला राजीनामा?

ज्ञानदा : नोकरीचा, मॅडम. गोडाऊनमध्ये चलनं बनवून बनवून डोकं आउट झालंय. आयुष सर म्हणाले, शेअर ट्रेडिंग शिकायचंय तर फुल टाइम या. एक पाय इकडे, एक पाय तिकडे चालणार नाही.

सदानंद : शाब्बास! बघितलंस मीरा? तुझ्या एका व्हिडिओनं पोरगी मार्गाला लागली.

ज्ञानदा : काका, पाठ झालाय मला तो! मॅडम काठपदराच्या साडीत, हातात गुलाब, आणि म्हणतायत, "मी गणिताची शिक्षिका आहे. पडताळल्याशिवाय मी विश्वास ठेवत नाही. या क्लासमुळे आज माझं दुसरं उत्पन्न सुरू झालंय."

सदानंद : मी अख्ख्या खानदानाला पाठवलाय तो. चिपळूणला आमच्या धाकट्या भावाकडे तर टीव्हीवर लावून बघितला सगळ्यांनी.

मीरा : अहो, पुरे ना आता. ज्ञानदा, आईला विचारलंस का?

ज्ञानदा : आई आधी नाहीच म्हणत होती. म्हणे, असले सर विरारला गल्लोगल्ली झालेत, बोर्ड लावला की झाला सर. मग तिला व्हिडिओ दाखवला. लगेच गार! म्हणाली, "तुला गणितात पास करून दाखवलं त्याच बाई ना या? मग जा बिनधास्त."

मीरा : तरी पण... दोन-चार ठिकाणी चौकशी करावी गं. एवढी घाई कशाला?

ज्ञानदा : आज शेवटची सीट आहे, मॅडम. उद्यापासून फी वाढणार.

मीरा : मलाही हेच म्हणाले होते.

सदानंद : मग? वेळेवर गेलीस म्हणून तर फायदा झाला तुझा!

मीरा : ज्ञानदा, ते स्वतः किती कमावतात ते बघितलंस? ब्रोकरकडचं वर्षभराचं स्टेटमेंट. मोबाइलवर दाखवतात ते फोटो नव्हेत.

ज्ञानदा : सरांना असं कसं विचारणार? आणि तुम्ही बघितलंच असेल ना... मॅडम? बघितलंत ना?

मीरा : नाही.

सदानंद : नाही? अगं, शेंग फोडून बघितल्याशिवाय पाव किलो मटार घेत नाहीस तू!

मीरा : गुरुपौर्णिमा होती हो त्या दिवशी. हॉलमध्ये त्यांना खुर्चीवर बसवलेलं, पायाखाली फुलं. सगळे रांगेनं पाया पडत होते. आपल्या पोराच्या वयाचा मुलगा तो, आणि मी वाकले. एकदा पायावर डोकं ठेवल्यावर कुठल्या तोंडानं विचारायचं, बाबा रे, तू टिप देतोस, तर सेबीकडे तुझी नोंदणी आहे का?

ज्ञानदा : पण दुसरं उत्पन्न तर सुरू झालं ना?

मीरा : पाया पडून उठलं की बाजूलाच कॅमेरा. "गुरुदक्षिणा म्हणून दोन शब्द बोला." मी म्हटलं, अजून कमावलेलं नाही काही. तर म्हणाले, "मॅडम, येणारच आहे, तर आलंय असंच म्हणा. पॉझिटिव्ह राहा." तोपर्यंत मी एक शेअरसुद्धा घेतलेला नव्हता, ज्ञानदा.

ज्ञानदा : म्हणजे ते सगळं...

मीरा : खोटं.

सदानंद : आणि नंतर? नंतर तरी झालं ना काहीतरी?

मीरा : नंतर ते ग्रुपवर सांगतील ते घ्यायचं, सांगतील तेव्हा विकायचं. शिकवणं नावालाही नाही. का घ्यायचं असं विचारलं, तर म्हणे, तुमची श्रद्धा कमी पडतेय.

सदानंद : मीरा, आपली एफडी आहे ना?

मीरा : ज्ञानदा, तू पेढा घे ना आधी.

सदानंद : मीरा.

मीरा : मोडली हो. गेली सगळी.

सदानंद : पण पाडव्याला तू म्हणालीस, व्याज आलंय. दुधी हलवा केला होतास. मी दोनदा मागून घेतला!

मीरा : तुम्ही खात होतात आणि मी ओट्याशी उभी राहून रडत होते.

ज्ञानदा : मी... मी निघते, मॅडम.

मीरा : बस. आज तुझ्यासमोर बसायची लाज वाटतेय मला, पण तू बस. वर्गात काय सांगायचे गं मी तुम्हाला?

ज्ञानदा : नुसतं उत्तर लिहू नका, पायऱ्या दाखवा. पायऱ्या नसतील तर शून्य मार्क.

मीरा : आणि त्या पोराला मी एक पायरी विचारली नाही.

ज्ञानदा : मग व्हिडिओ काढायला का नाही सांगितलंत? अजून फिरतोय तो, मॅडम! माझ्या आईनं बघितला!

मीरा : सांगितलं होतं. म्हणाले, काढतो, पण मग तुमच्या मिस्टरांनाही फोन करून सगळं सांगतो. मी गप्प बसले.

ज्ञानदा : आणि आज मी पेढे द्यायला न येता सरळ फी भरायला गेले असते तर?

मीरा : तर मी गप्पच राहिले असते गं.

ज्ञानदा : भारी आहात तुम्ही! माझा राजीनामा टाइप करून तयार आहे!

मीरा : बोल. हवं तेवढं बोल मला. पण तो देऊ नकोस.

ज्ञानदा : मग शिकायचं तरी कुणाकडे? तुमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला, ते असं झालं.

मीरा : डोळे मिटू नकोस, माझ्याबाबतीतसुद्धा. जो स्वतः कुठे बुडाला ते आधी सांगेल, आणि तुला घाई करणार नाही, त्याच्याकडे जा. नोंदणीचा नंबर दिला तर सेबीच्या साइटवर तपास, त्यानं दाखवलेल्या कागदावर नव्हे. आणि पाया पडून घेत असेल, तर चपला घाल आणि घरी ये.

सदानंद : अगो, आपला चिपळूणचा कल्पेश!

मीरा : कल्पेशचं काय?

सदानंद : तोही नोकरी सोडून इकडे येतोय, या क्लाससाठी. मला म्हणाला, काकूनं केलंय ना, मग मला कुणाला विचारायची गरज नाही. मीच पाठवला होता गो त्याला तो व्हिडिओ. थांब, फोन लावतो. क्लास बंद पडला म्हणून सांगतो. तुझं नाव नाही घेत मी.

मीरा : नको. इकडे द्या फोन.

सदानंद : अगं, ऐक माझं. रविवार आहे, सगळे घरात असतील. फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात ते.

मीरा : द्या म्हटलं ना. हॅलो, कल्पेश? काकू बोलतेय... हो रे, बरी आहे. त्या व्हिडिओबद्दलच बोलायचंय... नको, स्पीकर बंद नको करूस. सगळ्यांना ऐकू दे.