पहिल्या पाण्याची ऊब

मंडळी, ऐका! पण आधी ते मफलर कानावरून जरा खाली करा. मघापासून मी बघतेय — समोर माणसं कमी आणि लोकरीची गाठोडीच जास्त बसलीत! अहो, आपला विठोबासुद्धा आज शाल पांघरून उभाय. पुजारीबुवांनी त्याला कानटोपीही घातलीय. आता देवाला ऐकू कसं यायचं? असू दे. त्याला न सांगताही कळतं. अडचण तुमची-माझी आहे.

तर आज एकच प्रश्न विचारते. घरात जो सगळ्यांना ऊब देतो, त्याला थंडी वाजते का हो?

बघा, गप्प झालात! "वाजत असेल की," असं कुणीतरी पुटपुटलं. वाजत *असेल*! म्हणजे विचारलेलं नाही कधी. बरं, चहा आला वाटतं. घ्या, घ्या. मंडपामागे शेवंतामावशी आणि त्यांच्या सोबतिणी चुलाणाशी बसल्यात, त्यांची कृपा. माझं कीर्तन सुरू झाल्यापासून ही दुसरी फेरी! प्या गरम गरम, आणि गोष्ट ऐका.

निफाडच्या बाजूला एक गाव आहे. नाव सांगत नाही, त्या गावची लेक इथं समोर बसलीये, उगीच लाजेल. थंडी अशी, की पहाटे बादलीतलं पाणी हाताला चावतं! त्या गावात एका आळीत सगुणाबाई राहायच्या. सगळी आळी त्यांना जिजी म्हणायची. जिजींच्या परसात तांब्याचा बंब होता. पोरांनो, बंब पाहिलाय का? नाही ना? तुमचं आपलं बटण दाबलं की झालं! अरे, मधल्या नळीत लाकडं पेटवायची, भोवती पाणी तापतं. आणि त्याचा न्याय असा — वरून एक बादली गार ओतायची, तेव्हा खालच्या तोटीतून एक बादली गरम निघायची. घ्यायचं तर द्यायचं!

जिजी पहाटे बंब पेटवायच्या. मग आळी यायची. शाळेची पोरं यायची. शेजारच्या बाळंतिणीची आई यायची. रिटायर झालेले केदूनाना तांब्या घेऊन यायचे — दाढीला, आणि मिशीला कलप लावायचा असेल तर दोन तांबे! जिजींचा मुलगा सोपान, सून वैजू, नातवंडं, सगळ्यांच्या आंघोळी व्हायच्या. प्रत्येकजण गार ओतायचा, गरम न्यायचा. आणि सगळ्यांत शेवटी?

जिजी! तोवर लाकडं विझलेली, बंबात सगळं गारच गार. वैजू कधी म्हणायची, "जिजी, पुन्हा पेटवू का हो?"

"नको गं. उगीच लाकडं कशाला? मला गारच बरं वाटतं."

गारच बरं वाटतं! निफाडच्या थंडीत! मायबाप, आपल्या बायका देवाच्या दारात खोटं बोलत नाहीत. न्हाणीच्या दारात मात्र रोज बोलतात!

व्हायचं ते झालं. त्या वर्षी जिजींची बोटं आखडली. तुळशीची माळ ओवता येईना. छातीत शिट्टी वाजायला लागली. डॉक्टरांनी सोपानला बाजूला घेतलं. "ह्यांना थंडीचे दिवस तरी कुठं उबदार ठिकाणी न्या. असाच अजून एक हिवाळा काढला, तर छाती साथ देणार नाही."

झालं! घरात सभा बसली, आळीही गोळा झाली. कुठं जायचं? सोपान मोबाईल उघडून बसला. नातू म्हणाला, "गोवा!" वैजू म्हणाली, "द्वारका करू या, देवही होईल आणि ऊनही मिळेल." कुणी म्हणालं, गरम पाण्याची कुंडं असतात तिकडं न्या. आणि आमचे केदूनाना — सल्ला फुकट असला की ह्यांच्यासारखा दानशूर नाही — ते म्हणाले, "माझं ऐका. महाबळेश्वर!"

"नाना, थंडीतून पळायचंय आपल्याला!"

"ते खरं. पण स्ट्रॉबेरी काय असते तिथं!"

शेवटी गुहागर ठरलं. समुद्र, नारळाची सावली, साधं घरगुती राहणं. सगळे खूश! तेवढ्यात जिजी म्हणाल्या, "मी गेले तर बंब कोण पेटवणार?"

आणि मंडळी, मघाशी तुम्ही झालात ना, तशीच सगळी आळी गप्प! कुणी पायाचा अंगठा बघतंय, कुणी आढं बघतंय. मग वैजूनं परसाची किल्ली उचलली आणि केदूनानांच्या हातात ठेवली. "नाना, बंब तुमचा." नानांचा चेहरा असा झाला, जणू कुणी वाघाची साखळी हातात दिलीये!

निघाली गाडी. जिजींनी बरोबर काय घ्यावं? गुहागरला जायला गोधड्या! कानटोपी, दोन स्वेटर, पायमोजे. वैजूनं हसू दाबायला तोंडावर पदर धरला. गाडी घाट उतरायला लागली. कानटोपी निघाली. आणखी खाली उतरली, मोजे निघाले. चिपळूणला दोन्ही स्वेटर पिशवीत! जसजशी गाडी उतरत गेली, तसतशा जिजी उलगडत गेल्या. समुद्र दिसला तेव्हा साडीचा पदर वाऱ्यावर, आणि तोंडात एकच वाक्य — "अगंबाई, इथं देवानं सगळ्यांसाठी एकदमच बंब पेटवलाय की!"

आता खरी गंमत ऐका. ज्यांच्याकडे उतरले, त्या ताराकाकू वेलणकर. एकट्याच राहणाऱ्या, जिभेला धार, मनाला साय. पहिल्याच पहाटे काकूंना वास आला — धुराचा! "आग! वाडीला आग!" करत कंदील न घेता, चप्पल न घालता धावल्या मागच्या दारी. बघतात तर काय? न्हाणीच्या चुलाणावर हंडा चढलेला, खाली नारळाच्या झावळ्या भडाभडा पेटलेल्या आणि समोर जिजी, फुंकणी घेऊन!

"अहो, हे काय आरंभलंत?"

"पाणी ठेवलंय."

"कोणासाठी?"

"सगळ्यांसाठी."

"सगळे घोरताहेत! आणि आमच्याकडे विहिरीचंच पाणी कोमट. पंख्याशिवाय झोप नाही लोकांना, कोण येणार तुमचं गरम पाणी न्यायला?"

जिजी थांबल्या. हंड्याकडे बघितलं. दाराकडे बघितलं. बादली घेऊन कुणीच येईना. मंडळी, ही जागा नीट ऐका. आयुष्यभर जिच्या दारात रांग लागली, तिच्या हंड्याला उकळी फुटलीये आणि घेणारं कुणी नाही! जिजी अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "मग मी आता काय करू?"

ताराकाकू म्हणाल्या, "काय करू म्हणजे? आंघोळ करा!"

"मी? आधी? छे! सोपान उठू दे, वैजू उठू दे..."

"हे बघा, हात तुमचे, पण झावळ्या माझ्या. तेव्हा मी सांगणार. बसा पाटावर!"

आणि काकूंनी तांब्या बुडवला नि जिजींच्या पाठीवर ओतला. जिजी अंग चोरून ओरडल्या — "आई गं! पहिलं पाणी एवढं गरम असतं?"

एवढं गरम असतं!

ऐकलंत ना, मायबाप? जन्मभर बंब पेटवला. अख्खी आळी न्हाऊ घातली. पण पहिलं पाणी किती गरम असतं, हे त्या माउलीला ठाऊकच नव्हतं!

न्हाणीच्या दाराशी वैजू उभी होती. धुराच्या वासानं तीही उठून आली होती. तिनं ते ऐकलं. डोळे पुसले, ताराकाकूंच्या हातातून तांब्या घेतला आणि म्हणाली, "काकू, द्या. हे माझं काम होतं." रोज पहाटे मग झावळ्या वैजूनं पेटवल्या. जिजींची छाती मोकळी झाली. बोटं सुटली. निघायच्या दिवशी त्यांनी ताराकाकूंच्या वाडीतल्या तुळशीची माळ ओवून काकूंच्याच देवाला घातली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. काकू म्हणाल्या, "पुढल्या हिवाळ्यात या. गोधड्या इथंच ठेवा, मला सांडगे वाळवायला होतील!"

तर जिजी परत आल्या. मनात एकच धास्ती, बंब गार पडला असेल. आळीच्या तोंडाशी येतात तो परसातून धूर! आत केदूनाना, घामाघूम, आणि मिशी काळीकुट्ट! कलप नाही हो, काजळी! पहिल्या दिवशी महाराजांनी पाणी न भरताच बंब पेटवला होता. सांधा सुटला. मग आळीनं मिळून तो सांधा डाग देऊन जोडून घेतला, आणि पाळ्या लावल्या. फुंकून फुंकून सगळ्यांचे डोळे लाल! नाना पुढं आले आणि हात जोडले. "वहिनी, आम्हाला वाटायचं पाणी आपलंआपणच तापतं."

सगळ्यांच्या हातात बादल्या होत्या, पण तोटीला कुणी हात लावला नव्हता. पहिली बादली नानांनी भरली आणि न्हाणीत नेऊन ठेवली. जिजी आत गेल्या. बाहेर आळी उभी, कान लावून. आणि आतून आवाज आला — "नाना, भाजतंय हो! जरा विसण घाला!"

ज्या बाईनं जन्मात कधी विसणाला गार पाणी मागितलं नव्हतं, कारण तिच्या वाट्याला सगळं विसणच आलं होतं, तिनं मागितलं! आळी हसली, रडली, आणि नाना गार पाण्याची बादली घेऊन धावले!

ही ओळ कुण्या संताची नाही, माझी मोडकीतोडकीच आहे. टाळ धरा —

जिने दिले जगा, ऊन पाणी न्हाया,
तिची नको काया, गार ठेवू!

मंडळी, थंडीत कुठंही जा. गोव्याला जा, गुहागरला जा, देवानं पाय दिलेत, प्रवास करा. पण जाताना हे बघा, की आपल्या घरचा बंब ज्याच्या हातानं पेटतो, तो माणूस गाडीत बसलाय ना? आणि जायला नाही जमलं, तर उद्या पहाटे पहिली बादली कुणाची, एवढं ठरवा. तेवढ्यानंही घरचं गुहागर होतं!

उद्या कशाला? आत्ताच! मंडपामागे चुलाणाशी शेवंतामावशी आहेत. दोन फेऱ्या झाल्या चहाच्या. त्यांनी घेतला का हो?

बघा, पुन्हा गप्प!

उठा, सरपंच. हो, तुम्हीच! मफलर सोडा, किटली घ्या. मावशी, पुढं या. तुमच्या सोबतिणींना घेऊन या. अहो, पदर कसला सावरताय, बसा इथं शेकोटीशी, विठोबाच्या समोर. सरका रे पोरांनो! सरपंच, ओता. काठोकाठ ओता, निवडणूक संपली म्हणून हात आखडू नका!

आरती थांबू दे जरा. देवाला घाई नाही, तोही बघतोय.

मावशी, घ्या घोट. कसा झालाय तुमच्या हातचा चहा?

"गरम आहे गं बाई!"

ऐकलंत? माझं कीर्तन देवाला पोचलं. लावा आता निरांजन!