अध्यक्षपदाचा अर्ज

सर्जनांच्या संघटनेच्या निवडणुकीसाठी अर्ज भरायला रांग लागली होती. माझ्या पुढे पांढऱ्या केसांच्या एक मॅडम, त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीच्या सोबतीला उभ्या.

(खिडकीपासून चौथ्या)

"दाखव बघू अर्ज. स्वागत समिती? परत?"

"मॅडम, तिथे बायका लागतात म्हणे."

"पुष्पगुच्छ धरायला? अकरा वर्षं धरलेत मी. प्रशिक्षण समितीत जा. दुर्बिणीतून ऑपरेशन करायला कुणाला शिकवायचं, ते तिथे ठरतं. गेल्या वर्षी बारा जण निवडले. त्यात मुली किती?"

"एक."

"तीसुद्धा कुणाची तरी सून."

(दुसऱ्या)

"पण बैठका संध्याकाळी सातला असतात. पिल्लू आठ महिन्यांचं आहे, मॅडम."

"वेळ काय आभाळातून पडते? अध्यक्ष ठरवतो."

"ठरवतो?"

"आजवर 'ठरवतो'च आलाय, 'ठरवते' कधी आली नाही. तू निदान सदस्य तरी हो. घाबरट कुठली!"

(खिडकी)

"कुठलं पद?" कारकुनाने विचारलं.

"प्रशिक्षण समिती. अध्यक्ष."

"अगं, मी सदस्य म्हटलं होतं!"

"वेळ अध्यक्ष ठरवतो, हे तुम्हीच म्हणालात ना?"

"पण अध्यक्षपदासाठी सकाळीच या मॅडमचा अर्ज आलाय," कारकून म्हणाला.

"मॅडम! बोलला का नाहीत? थांबा, मी खोडते."

"हात लावशील तर बघ! अहो, माझा अर्ज परत द्या. आणि हिच्या अर्जावर सूचक म्हणून सही कुठे करायची?"

"नको हो मॅडम, इतक्या वर्षांनी तुम्ही..."

"गप्प बस. अहो, लवकर दाखवा, हिचा विचार बदलायच्या आत."