दुखरी दाढ

फिनलंडमधल्या ओउलूच्या दंतवैद्याकडे माझ्यासमोर दोघं बसली होती. विणकाम करणाऱ्या एक आजी आणि गाल धरून बसलेला वीसेक वर्षांचा दांडगा मुलगा.

“आइस हॉकी बघतोस का रे?”

“कधीमधी.”

“शनिवारी आपल्या त्या नव्या बचावपटूने काय केलं, पाहिलंस? फाऊल समोरच्यांचा, आणि चकती त्यांच्याकडे जाईपर्यंत शिट्टी होत नाही. म्हणून आपला गोलकीपर बाहेर आला आणि एक जादा गडी आत गेला. एवढ्यात या पठ्ठ्याने चकती मागे ढकलली! मागे कोण होतं?”

“कोणी नाही.”

“बर्फावरून घसरत घसरत सरळ आपल्याच मोकळ्या गोलात! तोवर माझी अख्खी ओळ विणून झाली.”

“गाढव आहे तो, आजी.”

“तिसरीच मॅच होती बिचाऱ्याची. आज खेळेल ना?”

“नाही. दाढ दुखतेय त्याची.”

आजींच्या सुया थांबल्या.

“कुठली?”

“डावी.”

“मग उजवा गाल कशाला धरलायस?”

मुलाने हात खाली घेतला. कान लालबुंद झाले होते.

“आजी, लोकांना तोंड कसं दाखवू?”

“हेल्मेट घालतोस ना?”

“घालतो.”

“मग झालं तर. मी गोलाच्या मागेच बसते. पुन्हा चकती मागे ढकललीस तर ओरडेन.”

नर्सने दार उघडलं. “ओत्सो रांतानेन!”

“तो गेला,” आजी म्हणाल्या. “मॅच आहे त्याची.”

ओत्सो रांतानेन अजून खाली वाकून दवाखान्यात बुटांवर चढवलेल्या निळ्या पिशव्या काढत होता.