भाषा एकच, मग अडचण कसली?

…आणि वर लोक मलाच विचारतात, "जेनिव्हाल, तुला बाबा तिकडे काय अडचण? भाषा एकच!" अहो, तोच तर घोळ झाला ना! भाषा दुसरी असती तर माणूस सावध राहतो, हातवारे करतो, सरळ सांगून टाकतो की मी परका आहे, मला कळलं नाही. पण भाषा एकच असल्यावर कुठल्या तोंडानं सांगणार हो?

तुम्हाला सांगतो, मी कारुआरूचा, ब्राझीलमधला. उन्हानं माणसाची भाकरी होते असं आमचं गाव. पोर्तोची शिष्यवृत्ती मिळाली म्हटल्यावर गल्लीत जो भेटेल तो पाठीत थाप मारून, "सुटलास लेका! पोर्तुगालात काय, आपलीच भाषा!" आई तर म्हणाली, "आपल्याला भाषा दिली ती त्यांनीच की रे. आजोळी गेल्यासारखं वाटेल तुला." आजोळी!

तर उतरलो. दारात घरमालकीण, दोना देओलिंदा. ठेंगणीठुसकी, पायापासून मानेपर्यंत काळे कपडे, दोन्ही हात कमरेवर. तिनं तोंड उघडलं आणि… काय बोलली देव जाणे! ही माणसं स्वर गिळतात हो! आम्ही कसे, शब्द दोरीवर वाळत घातल्यासारखे लांबलचक पसरून बोलतो. आणि ही बाई? "श्प्र्श त्र्श्त म्न्या?" तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं! आता पहिल्याच दिवशी 'कळलं नाही' कसं म्हणायचं? भाषा एकच! मी म्हटलं, "हो." तिनं आणखी काहीतरी विचारलं, जरा हळव्या आवाजात. मी म्हटलं, "हो, हो." तिनं डोळ्यांना पदर… म्हणजे तो तिचा ॲप्रन हो, तो लावला, मला खुर्चीत बसवलं आणि कोबीचं सूप वाढलं, एक वाडगा, दुसरा वाडगा, डोक्यावरून हात काय फिरवतेय! मी म्हटलं काय प्रेमळ लोक! दुसऱ्या दिवशी तिच्या स्वयंपाकघरात बसून घरी फोन लावला आणि "आई!" म्हणालो, तर बाईच्या हातातला डाव खाली. तिनं आदल्या दिवशी विचारलं होतं, "आईवडील नाहीत का रे तुला?" आणि मी म्हणालो होतो, हो, हो!

बरं, ते निस्तरलं. मग मी बाहेर पडायला निघालो. बाहेर ती नदीवरची भुरभुर, पाऊस म्हणावा तर नाही, धुकं म्हणावं तर ओलं. अंगात माझा आपला कारुआरूचा सुती शर्ट. बाई आडवी आली.

"पोरा, असा नको जाऊस. कामिझोला घाल."

मला हा शब्द अगदी स्वच्छ ऐकू आला, नेमका हाच! आता तुम्हाला सांगतो, आमच्याकडे कामिझोला म्हणजे बायकांचा गाऊन. रात्री झोपताना घालतात तो. झालरवाला.

"मी? कामिझोला?"

"मग काय झालं? आमचे हे, देव त्यांना शांती देवो, कामिझोला घातल्याशिवाय उंबरा ओलांडायचे नाहीत. बँकेत तसेच जायचे."

"बँकेत?"

"मॅनेजर होते! रविवारी चर्चला जाताना मी विणलेली निळी. काय शोभायची! तिला हौसेनं बटणं लावली होती मी. कपाटात आहे अजून, तुला बसेल. थांब, आणते."

थांबतो कसला! जिना तीन-तीन पायऱ्या करत उतरलो. डोळ्यांपुढे सारखा तो स्वर्गवासी मॅनेजर, निळ्या गाऊनमध्ये, चर्चच्या पायऱ्या चढतोय आणि सगळं गाव टोपी काढून नमस्कार करतंय. कुणी काही बोलत नाही! कुठे येऊन पडलो मी?

मग व्हायचं तेच झालं. शिंका! नाकाचा नळ झाला, डोळे लाल. तशात न्याहारीला बसलो तर बाईनं माझ्याकडे बघून दोन्ही हात वर केले, "झालास ना कोंस्तिपादो! म्हटलं नव्हतं, कामिझोला घाल?"

आता हे ऐका. आमच्याकडे कोंस्तिपादो म्हणजे… कसं सांगू, चारचौघांत… पोट साफ न होणं. बद्धकोष्ठ! आता मला सांगा, गाऊन घातला नाही म्हणून माणसाचं पोट का अडावं? कुठल्या वैद्यकात लिहिलंय?

मी म्हटलं, "नाही हो बाई, तसं काही नाही. सकाळीच झालं. व्यवस्थित."

"व्यवस्थित कसलं? सारखं वाहतंय!"

"वाहतंय? छे!"

"मला काय दिसत नाही?"

मी घाबरून मागे वळून स्वतःची पँट बघितली हो!

औषधाच्या दुकानात गेलो, म्हटलं सर्दीचं काहीतरी घेऊ गुपचूप. तर तिथला पांढऱ्या कोटातला माणूस, मी तोंड उघडायच्या आधीच, "कोंस्तिपादो ना? केव्हापासून?" माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, "का हो? माझ्या चेहऱ्यावर लिहिलंय का?" तर तो शांतपणे म्हणतो, "हो की. नाक बघा आरशात." नाक! पोटाचा आणि नाकाचा संबंध काय? वर म्हणतो, "वाफ घ्या." मी विचारलं, "कुठून?"

भाषा एकच बरं का!

हसताय तुम्ही, पण माझा जीव टांगणीला लागला होता. दुसऱ्या दिवशी प्राध्यापक व्हालादारेस यांचा पहिला वर्ग. पूल बांधण्यात त्यांच्यासारखा माणूस नाही. हाताखाली मोजकी पोरं घेतात. पहिल्याच दिवशी प्रत्येकानं उभं राहून सांगायचं, मी का आलो. आवडलं तर ठेवतात, नाहीतर दुसरीकडे धाडतात. आणि मला सांगायचं होतं. आमच्या मामाच्या वस्तीवरचा पूल पुरात वाहून गेला तेव्हा माझी बहीण लिंदिनाल्व्हा शाळेसाठी तिथंच राहायची, शाळा नदीपलीकडे. पूल परत कुणी बांधला नाही आणि तिची शाळा जी सुटली ती सुटलीच. अभ्यासात माझ्याहून हुशार होती हो ती. एवढंच सांगायचं होतं मला. आरशापुढे पाठ करकरून गेलो होतो.

माझा नंबर आला. उभा राहिलो आणि… आक् छी!

प्राध्यापकांनी चष्म्यावरून बघितलं. "सेन्योर जेनिव्हाल, तुम्ही चांगलेच कोंस्तिपादो आहात. बसा. आज तुम्ही बोलू नका."

म्हणजे इथवर पोचली बातमी? बाईनं सांगितलं की दुकानदारानं?

"आणि एल्व्हिरा, तू जरा लांब सरक. हे पसरतं. गेल्या वर्षी अख्खा वर्ग झाला होता. मीसुद्धा."

अख्खा वर्ग!… पसरतं!… ती शेजारची एल्व्हिरा, गोड पोरगी, हळूच वाकून म्हणाली, "माझ्या आजीला दर थंडीत होतं. रुमाल देऊ?" रुमाल! रुमाल घेऊन मी काय करू, बाई?

पण ते 'आज बोलू नका' काळजात घुसलं. म्हटलं गेली संधी, तीही असल्या कारणानं! घरी काय सांगू? लिंदिनाल्व्हाला काय सांगू, पोटापायी पूल राहिला? तिरीमिरीत म्हणालो, "सर! ही अफवा आहे! माझं पोट उत्तम आहे! मी रोज सकाळी, न चुकता, पहिल्या फटक्यात… आजही झालंय! हवं तर घरमालकिणीला विचारा!"

सगळी बाकं माझ्याकडे वळली.

प्राध्यापकांनी चष्मा काढला. "पोट?" मग त्यांच्या मिशीचं एक टोक हललं. "सेन्योर जेनिव्हाल… इथे कोंस्तिपादो म्हणजे सर्दी."

सर्दी. माझे कान तापले. पण एक शंका राहिलीच होती, आणि झाली तेवढी शोभा पुरे नव्हती म्हणून मी तीही विचारली, "आणि… कामिझोला?"

एल्व्हिरानं अंगातला लोकरी स्वेटर चिमटीत धरून दाखवला. "ही."

त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे त्या बिचाऱ्या मॅनेजरच्या अंगावर विजार आली आणि वर्ग फुटला! बाकं बडवतायत, एक जण खिडकीला धरून रडतोय. मी दप्तर उचललं. म्हटलं संपलं, जा आता कारुआरूला. तर प्राध्यापक डोळे पुसत म्हणाले, "कुठे निघालात? पोटाचं झालं. आता पुलाचं सांगा."

पाठ केलेलं सगळं उडालं होतं. मग मी आमच्या घरच्यासारखा बोललो, पसरून, लांबवून, मध्ये मध्ये नाक शिंकरून. पूर, पूल, लिंदिनाल्व्हा. कुणी हसलं नाही. कुणी 'काय म्हणालास?' असंही म्हटलं नाही. फक्त एल्व्हिरानं विचारलं, "आता काय करते ती?" म्हटलं, "कपडे शिवते. दुसऱ्यांच्या मुलींचे शाळेचे गणवेश."

प्राध्यापकांनी वहीत माझं नाव लिहिलं आणि म्हणाले, "सोमवारपासून या. पूर्ण बरे होऊन या."

घेतलं मला! घरी येऊन बाईकडे ती निळी मागून घेतली. बाह्या आखूड पडतात, पण ऊब काय आहे म्हणता! बाईनं बटणं लावून दिली आणि काहीतरी बोलली. स्वर एकही नव्हता. पण कळलं हो.

आता त्यांच्यात राहून राहून माझेही स्वर कधी गळाले, मला पत्ता नाही. परवा आईला फोन केला, सगळं भडाभडा सांगितलं, पूल, प्राध्यापक, सगळं. तर पलीकडे आई शेजारणीला हाक मारतेय, आनंदानं नुसती किंचाळतेय, "अगं ये, ऐक! माझा जेनिव्हाल परदेशी भाषा काय फाडफाड बोलायला लागला! मला एक अक्षर कळलं नाही!"

शेजारीण फोनवर आली. तिचा पोरगा जर्मनीत आहे. म्हणाली, "कमाल आहे बाबा! आमच्या ओझिआसला तिकडची भाषा यायला दोन वर्षं लागली. तुला इतक्यात आली?"

आता काय सांगणार? म्हटलं, "मावशी, मला एका सर्दीत आली."