घंटेनंतरचं फाटक

दवाखान्यात शेजारी एक जोडपं बसलं होतं. मी पुस्तक उघडून वाचत असल्याचं दाखवत होतो. ऐकलेलं नीट उतरलंय की नाही, कोण जाणे.

"पोटच्या पोरीच्या तोंडावर फाटक लावलंत?"

"घंटा झाली होती गं."

"चप्पल तुटली तिची वाटेत. हातात घेऊन पळत आली ती."

"दिसलं मला."

"शाळेचे शिपाई तुम्ही. जरा थांबला असतात तर आभाळ कोसळणार होतं?"

"थांबलो होतो. एक दार लावलं आणि दुसरं धरून उभा राहिलो."

"मग?"

"उशिरा आलेली दोन मुलं आधीच बाहेर उभी होती. त्यांना मी आत घेतलं नव्हतं. हिनं त्यांच्याकडे बघितलं आणि लांबूनच म्हणाली, 'बाबा, लावा.' मग त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली."

"असं म्हणाली?"

"अगदी तुझ्यासारखं, दटावून."

"आता नियमाप्रमाणे पालकांना बोलावतील."

"बोलावलंय. उद्या मोठ्या बाईंसमोर उभं राहायचंय."

"मान खाली घालून?"

"छे. इस्त्रीचा शर्ट काढून ठेव."

"ठेवते. पण एकट्यानं जायचं नाही. मीही येणार."